एल्मायराची दारे





जूनमध्ये शाळा उघडतात आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत बहुतेक वर्गांत एखादे तरी मोठे भांडण होऊन गेलेले असते. कोणी कोणाला आडनावावरून चिडवलेले असते, कोणाचा डबा मुद्दाम सांडलेला असतो, कोणाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको तसा फिरलेला असतो. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणे येते, घरी चिठ्ठी जाते, मूल दोन दिवस वर्गाबाहेर राहते आणि शेवटी सर्वांसमोर ‘सॉरी म्हण’ अशी आज्ञा होते. चूक केलेले मूल मान खाली घालून काहीतरी पुटपुटते, समोरचे मूल ‘ठीक आहे’ म्हणते आणि प्रकरण मिटले असे मोठी माणसे समजतात. मुलांना मात्र ठाऊक असते की काहीच मिटलेले नाही.

शिक्षा झाली, पण ज्याला दुखावले त्याच्याशी एक शब्द खरा बोलला गेला नाही. हा पेच जुना आहे. तो सोडवण्याची एक वाट गेल्या पन्नास वर्षांत जगातल्या अनेक शाळांनी धरली. त्या वाटेची सुरुवात शाळेत झाली नाही आणि विद्यापीठातही झाली नाही. चर्चच्या कामात असलेल्या दोन स्वयंसेवकांच्या मनात आलेल्या एका साध्या विचाराने ती सुरू झाली. म्हणून तो इतिहास आपल्या मंडळीपुढे ठेवावा असे आम्हांला वाटले.

छडी आणि डॉन बॉस्को

मिशनच्या शाळांनी आपल्या समाजाला पुष्कळ दिले. अक्षर दिले, इंग्रजी दिली, नोकरीचे दार उघडले. त्या शाळांत छडीही होती आणि आपल्या आजोबांच्या पिढीतली माणसे तिच्याबद्दल हसत हसत, काहीशा अभिमानानेही बोलत. ‘मार खाल्ला म्हणून माणसात आलो’ हे वाक्य आपल्या घरांत नवे नाही.

पण ख्रिस्ती शिक्षणात छडीला विरोध करणारा आवाजही जुना आहे. इटलीतील तुरिन शहरात रस्त्यावर वाढणाऱ्या, कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी आयुष्य वेचलेले धर्मगुरू योहान बॉस्को, म्हणजे आपले डॉन बॉस्को (१८१५–१८८८), यांनी १८७७ मध्ये आपल्या पद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला. मुलांना वळण लावण्याचे दोन मार्ग त्यांनी वेगळे करून दाखवले. एकात आधी नियम सांगायचे, मग लक्ष ठेवायचे आणि चुकले की शिक्षा करायची. दुसऱ्यात मुलांच्या सहवासात राहायचे, समजावून सांगायचे, माया करायची आणि चूक होण्याची वेळच शक्यतो येऊ द्यायची नाही. विवेक, धर्मश्रद्धा आणि वात्सल्य हे त्यांच्या पद्धतीचे तीन खांब. १९४६ मध्ये त्यांचे सालेशियन सोबती गोव्यात आले, तेव्हा हाच वारसा घेऊन आले.

आता कायदाही त्याच बाजूला आला आहे. गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्याने शाळांतली शारीरिक शिक्षा बंद केली. देशभरासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

तरी एक प्रश्न उरतोच. डॉन बॉस्कोंची पद्धत चूक होऊ न देण्याची आहे. पण चूक झालीच तर? काच फुटलीच, शब्द लागलाच, मित्र तुटलाच तर पुढे काय? छडी गेली आणि तिच्या जागी पुष्कळ ठिकाणी टोमणे आले, किंवा मग ‘जाऊ दे, मुलेच आहेत’ म्हणून दुर्लक्ष आले. दोन्हींत मूल काही शिकत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर कॅनडातल्या एका लहान गावात सापडले.

मे १९७४: एका रात्रीची नासधूस

ऑन्टॅरिओ प्रांतात किचनर नावाचे शहर आहे. त्याच्या उत्तरेला थोड्या अंतरावर एल्मायरा हे छोटे गाव. या भागात मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. मेनोनाइट म्हणजे युरोपातील धर्मसुधारणेच्या काळात उदयाला आलेली, शस्त्र न उचलण्याचे व्रत पाळणारी मंडळी. आपल्या देशालाही ते परके नाहीत. १८९९ च्या सुमाराला, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांचे मिशनरी आजच्या छत्तीसगडातील धमतरीला आले. हैदराबादच्या परिसरात तर मेनोनाइट ब्रदरन मंडळी आजही मोठ्या संख्येने आहेत, हे तिथल्या आमच्या वाचकांना सांगायला नकोच.

मे १९७४ मधील एका रात्री एल्मायरातील दोन तरुणांनी दारूच्या नशेत गावभर धुमाकूळ घातला. एक अठरा वर्षांचा, दुसरा एकोणीसचा. त्यांनी मोटारींचे टायर चिरले, खिडक्यांच्या काचा फोडल्या, जे हाती लागेल ते मोडले. एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस झाली. दोघे पकडले गेले आणि त्यांनी बावीस आरोपांत गुन्हा कबूल केला.

शिक्षा ठरवण्याआधी आरोपींची घरची माहिती, स्वभाव, परिस्थिती यांचा अहवाल न्यायालयाला द्यावा लागतो. ते काम प्रोबेशन ऑफिसरकडे असते. एल्मायराच्या या प्रकरणात ते मार्क यान्त्सी यांच्याकडे आले. यान्त्सी मेनोनाइट होते आणि मंडळीच्या स्वयंसेवेतून या कामात आले होते. ‘मेनोनाइट सेंट्रल कमिटी’ या सेवासंस्थेचे डेव्ह वर्थ हे त्यांचे सोबती. आपल्या विश्वासाचा कोर्टकचेरीशी, गुन्हेगारीशी काय संबंध, यावर ही मंडळी एकत्र बसून चर्चा करत असत.

यान्त्सींच्या मनात विचार आला, की या मुलांना ज्यांचे नुकसान केले त्यांच्या समोर नेले तर? न्यायाधीश हसतील असे त्यांना वाटत होते. तरीही त्यांनी ही सूचना लिहून पाठवलीच. न्यायाधीश गॉर्डन मॅकॉनेल यांना प्रथम ते शक्य वाटले नाही, कारण कायद्यात तशी काही सोय नव्हती. पण शिक्षा सुनावण्याच्या दिवशी त्यांनी सर्वांना चकित केले. खटला एक महिना पुढे ढकलला आणि या काळात दोघांनी प्रत्येकाला भेटून नुकसानीचा हिशेब आणावा असे सांगितले.

मग ते चौघे निघाले. यान्त्सी आणि वर्थ वह्या घेऊन मागे उभे राहत. दार त्या दोन मुलांनीच ठोठवायचे, आपण कोण ते त्यांनीच सांगायचे आणि ‘त्या रात्री तुमच्याकडे ते आम्हीच केले’ हे वाक्यही त्यांनीच बोलायचे. गाव सोडून गेलेले कोणी वगळले, तर सगळ्यांच्या दारांत ते जाऊन आले.

बंधुभगिनींनो, या भेटींत नेमके काय घडत होते याचा विचार करा. रात्री दगड मारताना त्या मुलांसमोर फक्त एक काच होती. दार उघडल्यावर त्या काचेमागे राहणारे माणूस दिसले. त्या माणसाच्याही मनात काही साचलेले असते. ज्याच्या घरावर असा हल्ला होतो, त्याला पैशांच्या आधी एक गोष्ट हवी असते. माझेच घर का निवडले? माझ्यावर कोणाचा डूख आहे का? पुन्हा येतील का? या प्रश्नांची उत्तरे पोलिसांकडे नसतात, न्यायाधीशाकडेही नसतात. ती फक्त दगड मारणाऱ्याकडे असतात.

एकूण नुकसान सुमारे २,२०० डॉलरचे होते. त्यातले जवळपास निम्मे विम्यातून भरून निघाले होते. न्यायाधीशांनी दोघांना प्रत्येकी २०० डॉलर दंड केला, देखरेखीखाली ठेवले आणि उरलेली भरपाई लोकांना स्वतः नेऊन द्यायला सांगितली. काही महिन्यांत तीच दारे पुन्हा ठोठवून त्यांनी ती पोहोचवली.

जक्कयाची गोष्ट आपल्या संडे स्कूलमधल्या लहानग्यांनाही पाठ असते. प्रभू त्याच्या घरी गेला. त्याच्याशी जेवला. त्यानंतर जक्कय उठून उभा राहिला आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देईन म्हणाला. चौपटीचा आकडा प्रभूने त्याच्यावर लादलेला नव्हता. तो त्याच्याच तोंडून आला. एल्मायरात झाले ते याच घराण्यातले.

गावातून शाळेत

एल्मायरानंतर किचनरमध्ये अशा भेटी घडवून आणण्याचे काम नियमित सुरू झाले. १९७८ मध्ये ते अमेरिकेतील इंडियाना राज्यात एल्कहार्ट येथे पोहोचले. तिथेही मेनोनाइट मंडळी पुढे होती. त्या कामातले हॉवर्ड झेर यांनी १९९० मध्ये एक पुस्तक लिहून या विचाराला नीट आकार दिला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: नेहमीचा न्याय विचारतो की कोणता नियम मोडला, कोणी मोडला आणि त्याला काय शिक्षा द्यावी. दुसरा न्याय विचारतो की कोणाला इजा झाली, त्याला आता कशाची गरज आहे आणि ती भागवणे कोणाचे काम आहे. इंग्रजीत याला ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात. आम्ही त्याला मोडलेले सांधणारा न्याय म्हणू.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, वेगळाच झरा वाहत होता. तिथल्या मूळच्या माओरी लोकांत कोणाचे मूल चुकले तर सारे कुटुंब, सारा गोतावळा एकत्र बसून मार्ग काढतो. सरकारी अधिकारी मात्र माओरी मुलांना उचलून संस्थांत टाकत होते आणि त्याबद्दल समाजात मोठी नाराजी होती. १९८९ मध्ये तिथे कायदा बदलला. चुकलेल्या मुलाचे कुटुंब, इजा झालेली व्यक्ती आणि अधिकारी यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा अशी तरतूद त्यात आली.

ऑस्ट्रेलियातील वॉगा वॉगा या शहरात टेरी ओ’कॉनेल नावाचे पोलीस सार्जंट होते. न्यूझीलंडची ही रीत त्यांनी १९९१ मध्ये आपल्या ठाण्यात आणली. बैठकीत कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे याचा त्यांनी एक साधा क्रम लावला. पुढे तोच जगभर गेला.

आणि १९९४ मध्ये ही रीत शाळेत शिरली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात मारूचीडोर येथील सरकारी हायस्कूलमध्ये, शाळेच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमानंतर एक गंभीर मारहाण झाली. मार्गारेट थॉर्सबोर्न या तिथे विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचे काम पाहत. नुसत्या निलंबनाने हे भागणार नाही हे त्यांना दिसत होते. त्यांनी मारणारे, मार खाल्लेले, दोन्हीकडचे पालक आणि शिक्षक यांना एका गोलात बसवले. शाळेत अशी बैठक होण्याची ही पहिली नोंद मानली जाते. तिथून ही रीत ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंड आणि इतर देशांतल्या शाळांत पसरली.

आपल्याकडे पंच बसवून भांडण मिटवण्याची रीत काही नवी नाही. पण त्या बैठकीत मोठी माणसे बोलतात, मोठी माणसे ठरवतात आणि मूल कोपऱ्यात उभे असते. मारूचीडोरच्या गोलात बोलायचे ते मुलांनीच. मोठ्यांचे काम विचारण्याचे आणि ऐकण्याचे.

पाच प्रश्न आणि एक शेकोटी

ते प्रश्न ऐकायला अगदी साधे आहेत. चूक केलेल्याला विचारायचे: काय झाले? त्या वेळी तुझ्या मनात काय चालले होते? तेव्हापासून काय काय वाटत आले? याचा कोणाकोणाला त्रास झाला? आता हे नीट करायला तू काय करशील? ज्याला इजा झाली त्याला विचारायचे: तुझ्यावर काय गुजरले? सर्वांत कठीण काय होते? तुला आता काय हवे आहे?

यात एक प्रश्न मुद्दाम गाळला आहे. ‘तू असे का केलेस?’ हा तो प्रश्न. आपण घरी पहिला हाच विचारतो आणि मुलाकडून ‘माहीत नाही’ एवढेच उत्तर येते. पुष्कळदा ते खरेच असते. ‘का’ म्हटले की मूल स्वतःचा बचाव शोधू लागते. ‘काय झाले’ म्हटले की ते सांगू लागते. ‘मनात काय चालले होते’ म्हटले की ते प्रथमच स्वतःच्या आत डोकावते. मला राग आला असे म्हणता म्हणता त्याला कळते की त्याच्याखाली हेवा होता, किंवा सगळ्यांसमोर आपले हसे होईल ही भीती होती, किंवा सकाळी घरी ऐकलेली बोलणी होती. हे ओळखले म्हणून गुन्हा माफ होत नाही. पण जे ओळखले तेच पुढच्या वेळी आवरता येते.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला हे प्रश्न अनोळखी वाटत नाहीत. एदेन बागेत झाडांआड लपलेल्या आदामाला देव आधी विचारतो की तू कुठे आहेस. काइनाला विचारतो की तुझा भाऊ कुठे आहे. सर्वज्ञ देवाला माहिती हवी होती म्हणून हे प्रश्न नव्हते. माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावे म्हणून होते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाच्या घराकडचा प्रवास डुकरांच्या खोपटात सुरू होतो, जेव्हा तो पोरगा भानावर येतो. आधी स्वतःकडे येणे, मग बापाकडे जाणे, असा तो क्रम आहे.

आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय पाहा. मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीशी उभे राहून पेत्राने तीनदा प्रभूला नाकारले होते. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभूने पुन्हा कोळशाची शेकोटी पेटवली. आधी सर्वांना खाऊ घातले, मग पेत्राला तीनदा विचारले की तू माझ्यावर प्रीती करतोस का. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटले. ते वाटू देणे प्रभूने टाळले नाही. पण त्या रात्रीचा पाढा वाचला नाही, त्याला घालवून दिले नाही, उलट मेंढरे चारण्याचे काम त्याच्या हाती दिले. जखम झाकली नाही आणि जखमी माणसाला टाकलेही नाही. मुलांशी कसे बोलावे याचा याहून चांगला धडा आम्हांला ठाऊक नाही.

एल्मायरातील त्या दोघांपैकी एकाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. रस केली हे त्यांचे नाव आणि पुढे त्यांनी स्वतःच आपली कहाणी जाहीरपणे सांगितली आहे. पंधरा वर्षांचे होईपर्यंत त्यांचे आईवडील दोघेही वारले होते. दुःख बोलून दाखवायला जागा नव्हती, ते दारूत गेले आणि एका रात्री दगडांतून बाहेर पडले. पंचवीसहून अधिक वर्षांनी प्रौढ वयात ते कॉलेजात शिकत होते. वर्गात एक पाहुणे वक्ते या नव्या न्यायाच्या उगमाविषयी बोलत होते आणि त्यांनी एल्मायराचा प्रसंग सांगितला. केलींच्या लक्षात आले की ही आपलीच गोष्ट आहे. आपल्या त्या लाजिरवाण्या रात्रीतून जगात काही चांगले उगवले याचा त्यांना तोवर पत्ताही नव्हता. मग ते किचनरमधल्या त्याच कामात स्वयंसेवक म्हणून रुजू झाले आणि इतरांना अशा भेटींसाठी तयार करू लागले. पेत्राच्या हाती मेंढरे दिली गेली, तसेच हे.

जे खरे आहे ते सगळे सांगावे

ही रीत म्हणजे जादू आहे असे मात्र कोणी समजू नये. तिची तपासणीही झाली आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात २०१५ ते २०१७ या दोन शालेय वर्षांत ४४ शाळांचा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या शाळांत ही पद्धत आणली होती. तिथे निलंबनात वाया जाणारे दिवस कमी झाले आणि शाळेचे वातावरण सुधारले असे शिक्षकांनी सांगितले. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे परीक्षेतले गुण घसरले. इंग्लंडमध्ये ४० माध्यमिक शाळांत तीन वर्षे पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीबरोबर भावना ओळखण्याचे धडेही तिथे दिले होते. दादागिरी थोडी कमी झाली, मारामारीत मात्र ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे हे काम सावकाश चालणारे, वेळ खाणारे आहे. त्यासाठी शिक्षक तयार करावे लागतात आणि अभ्यासाचा तास जाणार नाही हेही पाहावे लागते. नुसते गोलात बसवले म्हणून मन वळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती आपल्या मंडळ्यांना उद्देशून आहे. आपल्याकडे क्षमेची शिकवण फार लवकर आणि बहुधा चुकीच्या माणसाला दिली जाते. ज्याला लागले त्यालाच आपण सांगतो, ‘ख्रिस्ती आहेस ना, माफ कर.’ पण डोंगरावरील प्रवचनात प्रभूने अर्पण वेदीपाशी ठेवून कोणाला जायला सांगितले? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला. म्हणजे ज्याच्या हातून दुखावले गेले, त्याने उठून चालायचे आहे. एल्मायरात दारापर्यंत कोण गेले? दगड मारणारे. काच फुटलेल्यांना कोणी कोर्टात बोलावून क्षमा करायला लावली नाही. ज्या मुलाला मार बसला ते ‘मला भेटायचे नाही’ म्हणाले, तर त्याचा तो नकार पाळलाच पाहिजे. भेट झाली आणि तरीही त्याच्या तोंडी क्षमेचा शब्द आला नाही, तर तोही वेळ त्याला दिला पाहिजे. क्षमा हे दान आहे, वर्गणीसारखी ती वसूल करता येत नाही.

आणि काही गोष्टी या गोलात आणायच्याच नसतात. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. शाळेचे नाव, मंडळीचे नाव, घराची अब्रू अशा कोणत्याही कारणाने तो पाळकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीत ‘मिटवणे’ हा सलोखा नव्हे. तो दुसरा अन्याय आहे. जिथे एका मुलाला दुसऱ्याची सतत दहशत आहे, तिथेही आधी ती दहशत थांबवायची आणि मगच बोलण्याचा विचार करायचा.

आपल्या मंडळीत

आपण काय करू शकतो? बेळगावात असो, इंदुरात असो, वडोदऱ्यात असो, आपल्या मुलांचा आठवड्यातला एक तास संडे स्कूलमध्ये जातो. तिथेही भांडणे होतातच. ख्रिसमसच्या नाटकात मरिया कोण होणार, कॅरोलला गिटार कोण वाजवणार, सहलीच्या बसमध्ये खिडकीशी कोण बसणार. हीच सरावाची जागा आहे. लहान भांडणात जे मूल नीट बोलायला शिकते, त्याला मोठ्या भांडणात शब्द सापडतात.

संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. भांडण झाले की लगेच निवाडा करू नका. आधी दोघांना वेगवेगळे बसवा, पाणी द्या, राग उतरू द्या. एकेकाचे ऐकून घ्या. मग दोघांची तयारी असेल तर समोरासमोर बसवा आणि वर सांगितलेले प्रश्न विचारा. एक बोलत असताना दुसऱ्याने मधे बोलायचे नाही, एवढा एकच नियम पुरे. शेवटी काय करायचे ते मुलांनाच ठरवू द्या आणि ते छोटे, करता येण्याजोगे असू द्या. फाटलेली वही पुन्हा उतरवून देणे, ग्रुपवर जिथे खोटे लिहिले तिथेच खरे लिहिणे, दोन रविवार डबा एकत्र खाणे. आठवड्याने विचारायला विसरू नका. पुष्कळ चांगल्या बैठका या न विचारण्यामुळे वाया जातात.

आईवडिलांना आणखी एक सांगणे आहे. मूल शाळेतून भांडून आले की आपण एक तर त्याच्यावर तुटून पडतो, नाहीतर त्याची बाजू घेऊन शाळेवर तुटून पडतो. दोन्ही वेळा त्याचे स्वतःचे म्हणणे मागे राहते. रात्री अंथरुणावर प्रार्थनेआधी पाच मिनिटे बसा आणि विचारा: आज कोणामुळे बरे वाटले? आज तुझ्यामुळे कोणाला वाईट वाटले असेल? दिवसाअखेर देवासमोर स्वतःला तपासण्याची रीत मंडळीत शतकानुशतके चालत आली आहे. मुलांसाठी ती एवढी सोपी करता येते. आणि मुलाच्या देखत नवरा-बायकोत, सासू-सुनेत, भावाभावांत बोलाचाली झाली असेल, तर ती मिटलेलीही मुलाच्या देखतच दिसू द्या. मोठे माणूस दुसऱ्या मोठ्या माणसाच्या दारापर्यंत जाते हे ज्याने घरात पाहिले आहे, त्याला शाळेत वेगळे शिकवावे लागत नाही.

यान्त्सी आणि वर्थ कोणी मोठे पुढारी नव्हते. आपल्यासारखेच मंडळीच्या कामात असलेले तरुण होते. त्यांनी दोन मुलांना उपदेश केला नाही. वही घेऊन त्यांच्या मागे उभे राहिले, एवढेच. मुलांना दार स्वतः ठोठवायला लावायचे, पण तिथवर त्यांना एकटे पाठवायचे नाही. पालक, शिक्षक आणि पाळक या तिघांनाही एवढे काम पुरेसे आहे.

प्रार्थना करू या.

हे प्रभो, तू लपलेल्याला हाक मारतोस आणि पडलेल्याच्या हाती पुन्हा काम देतोस. आमच्या मुलांना स्वतःचे मन ओळखण्याची बुद्धी दे. चुकल्यावर त्या दारापर्यंत चालत जाण्याचे बळ दे. ज्यांना लागले आहे त्यांची घाई आम्ही करू नये, त्यांचे रडणे आम्ही दाबू नये, असे आम्हांला कर. आणि जिथे मुले थरथरत दार ठोठवतात, तिथे त्यांच्या पाठीशी उभे राहायला आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.